नाक दोन बोटं वर

माणसाने कुठेही जावं, पण जाताना समपातळीत जावं, यावर जगातल्या सर्व गंभीर लोकांचं एकमत आहे. जाऊन पोचावं की नाही, याबद्दल मात्र त्यांच्यात मतभेद आहेत. नेब्रास्कातल्या कॉटनवुड बेंड या गाडीतळावर उन्हाळा काढणाऱ्या निवृत्त पुरुषांनी हा दुसरा प्रश्न गौण ठरवून पहिल्याला वाहून घेतलं होतं. त्यांच्या कार्याची नोंद कुणीतरी घ्यायलाच हवी.

व्हर्लिन हॉगस्टॅड आणि त्याची बायको आर्डिस यांनी निवृत्तीनंतर ग्रँड आयलंडचं राहतं घर विकलं आणि पिकअपमागे ओढायचं घर घेतलं. अशा घराला तिकडे ‘पाचवं चाक’ म्हणतात. त्याला चाकं चारच असतात. (पाचवं कुठे आहे, असं विचारणाऱ्याकडे तिथले लोक करुणेने बघतात आणि त्याला कॉफी देतात.) घराचं नाक पिकअपच्या हौद्यावर पुढे आलेलं असतं. त्या नाकाखालचा लोखंडी खुंटा हौद्यात बसवलेल्या बैठकीत अडकवला, की घर निमूटपणे मागून येऊ लागतं.

व्हर्लिनने जन्मभर बोलिंगचा हॉल चालवला होता. तिथल्या लाकडी पट्ट्या इतक्या सपाट होत्या की त्यावर चेंडू ठेवला, तर तो विचारात पडल्यासारखा जागीच राही. हॉल मुलाच्या हाती दिल्यापासून त्याच्याकडे सपाट ठेवण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्या वसंतात त्याने नवा पिकअप घेतला. जुन्यापेक्षा उंच, भारदस्त, चकचकीत. आर्डिसला त्यात चढताना दाराची मूठ धरावी लागे, पण तेवढं चालायचंच.

ऑगस्टच्या अखेरीला दोघं ओरेगनला निघणार होते. आर्डिसची थोरली बहीण लव्हॉन तिथे समुद्राकाठच्या लहानशा घरात एकटी राहायची. पाय थकले म्हणून तिने घर विकलं होतं आणि सप्टेंबर सरण्याआधी ते रिकामं करून ती वृद्धाश्रमात जायची होती. शेवटचे काही आठवडे दोघी बहिणींनी त्या घरात एकत्र काढायचे, मिळून आवराआवर करायची, असं ठरलं होतं. आर्डिसने सामान भरलं, पडदे धुतले, लव्हॉनला आवडणारा प्लमचा मुरांबा बरण्यांत भरून घेतला. व्हर्लिनने घर पिकअपला जोडलं.

तेवढ्यात कॉफीचा मग हातात घेऊन शेजारचा डेलमार क्रेब्स तिथून चालला होता. डेलमार पूर्वी क्रेन चालवायचा, त्यामुळे लोंबकळणाऱ्या गोष्टींबद्दल त्याच्या मताला वजन होतं. तो थांबला. त्याने एक डोळा मिटला.

“व्हर्लिन,” तो म्हणाला, “तुझं नाक वर आहे रे.”

एवढंच. मग तो निघून गेला. पण डॉक्टरने क्ष-किरणाचा फोटो उजेडात धरून नुसतं “हं” म्हणावं, तसं व्हर्लिनला झालं. तो मागे सरकला आणि पाहू लागला. नवा पिकअप उंच, त्यामुळे घराचं नाक वर आणि शेपूट खाली. पाहुण्यांसमोर मूल हट्टाने मान वर करून उभं राहावं, तसं ते घर उभं होतं.

इथे वाचकाचा गैरसमज होऊ नये म्हणून सांगणं भाग आहे, की हा प्रश्न खरा आहे. नाक फार वर गेलं तर भार मागच्या दोन चाकांवर येतो, टायर तापतात, ब्रेक नीट लागत नाहीत. म्हणजे डेलमार बोलला त्यात तथ्य होतं. (सार्वजनिक कार्यातली सगळ्यात मोठी आपत्ती ही, की समोरच्याच्या म्हणण्यात तथ्य असतं.)

“आज नको निघायला,” व्हर्लिन बायकोला म्हणाला. “एक छोटंसं काम आहे.”

छोट्या कामासाठी दुपारी समिती जमली. समितीत डेलमार होता आणि आयोवाचे निवृत्त गणित शिक्षक रॉईस टिलटसन होते. बाकीचे घडीच्या खुर्च्या घेऊन निरीक्षक म्हणून आले. टिलटसनांनी घराच्या सांगाड्यावर पाणसळ ठेवली. सगळे वाकून बुडबुड्याकडे पाहू लागले. बुडबुडा पुढच्या बाजूला जाऊन बसला होता आणि तिथून हलायची त्याची इच्छा दिसत नव्हती. सदर नाक चार बोटं वर असल्याचं सर्वानुमते निश्चित झालं.

हौद्यातली बैठक एक भोक खाली घेतली. नाक दोन बोटं उतरलं. अजून एक भोक खाली घ्यावं, असं ठरत होतं, तेव्हा डेलमारने घराचं पोट आणि हौद्याची कड यांच्यामध्ये हाताची वीत घालून पाहिली. वीत जेमतेम मावली. आणखी खाली घेतलं, तर पहिल्याच खड्ड्यात घर पिकअपवर बसलं असतं. म्हणजे नाक खाली आणायचं तर पिकअप चेपणार, पिकअप वाचवायचा तर नाक वर राहणार. शहरातल्या वर्कशॉपला विचारलं. घर मागून उचलून देऊ म्हणाले, पण ऑक्टोबरात.

“दोन बोटं तर राहिली,” आर्डिस खिडकीतून म्हणाली. “चालेल की.”

समितीने या सूचनेची नोंद घेतली आणि ती फेटाळली.

पुढचा मुद्दा टिलटसनांनी काढला आणि तो त्यांच्या हयातीतला सर्वोच्च मुद्दा होता. घर तिरकं आहे हे मान्य, पण मुळात जमीन सपाट आहे कशावरून? पाणसळ जमिनीवर ठेवली. जमीन तिरकी निघाली. (पाणी वाहून जावं म्हणून ती मुद्दाम तशी केली होती. पण हेतू चांगला असला, तरी बुडबुडा तो बघत नाही.) सबब सपाट जागा शोधण्यात आली. चर्चचं पटांगण उताराचं निघालं. धान्याच्या कोठारासमोरचा काँक्रीटचा चौथरा एका कोपऱ्याला खचलेला होता. उरलेला देश ज्या राज्याला सपाट म्हणून नावं ठेवतो, त्या नेब्रास्कात तीन सुशिक्षित पुरुषांना एक गाडी उभी राहील एवढी सपाट जागा सापडली नाही. यात दोष कुणाचा, हे भूगोलाच्या लोकांनी बघावं.

दरम्यान लव्हॉनचे फोन येत होते.

“निघालात का गं?”

“नाही. नाक वर आहे.”

“कुणाचं?”

“घराचं.”

“आर्डिस, तुझी तब्येत बरी आहे ना?”

समितीचं काम थांबलं नव्हतं. पिकअपच्या हौद्यात वजन टाकलं तर त्याची पाठ दबते, पाठ दबली की नाक उतरतं, हे लक्षात आल्यावर वाळूच्या गोण्या आल्या. नाक बोटभर उतरलं आणि पिकअप म्हाताऱ्या घोड्यासारखा कण्हू लागला. गोण्या गेल्या. मग असा विचार पुढे आला, की प्रवासात असतील ती सगळी माणसं आत बसवूनच माप घेतलं पाहिजे, एरवी माप शास्त्रीय कसं? टिलटसन खिडकीशी आले. त्यांनी टोपी काढली.

“मिसेस हॉगस्टॅड, गैरसमज करून घेऊ नका. तुमचं वजन... म्हणजे अंदाजाने सांगितलंत तरी चालेल.”

आर्डिसने खिडकी लावून घेतली. समितीने तो आकडा अज्ञात धरून पुढचा हिशेब केला.

असा सप्टेंबर अर्धा सरला. खरं सांगायचं, तर व्हर्लिनला इतकं बरं अनेक वर्षांत वाटलं नव्हतं. सकाळी उठावं, बुडबुडा बघावा, चार माणसांनी आपल्या घराभोवती गुडघ्यांवर बसावं. हॉल सोडल्यापासून कुणी त्याला इतकं विचारलं नव्हतं. आपण ओरेगनला जाणार नाही, असं त्याच्या मनात कधीच आलं नाही. आपण निघालोच आहोत, फक्त नाकाचं तेवढं बघायचं, असंच तो धरून चालला होता.

मग एका दुपारी आर्डिस फोनवर बोलत असताना तो पाना शोधायला आत आला.

“निळ्या खुर्च्या?” ती म्हणत होती. “दोन्ही?... नाही गं, बरं केलंस. कुठे ठेवणार तू... नाही, नाही, मी रडत नाहीये.”

तिने फोन ठेवला. व्हर्लिन पाना हातात घेऊन उभा राहिला. त्या खुर्च्या त्याला माहीत होत्या. आर्डिसच्या आईने त्या स्वतः रंगवल्या होत्या आणि दोघी बहिणी त्यांवर बसून मटार सोलायच्या.

“देऊन टाकल्या तिने,” आर्डिस म्हणाली. “माझी वाट बघून बघून. आता एकटीच एकेक खोली रिकामी करतेय.”

“दोन बोटं, आर्डिस. एवढंच राहिलंय.”

“व्हर्लिन, तू पस्तीस वर्षं माझ्या डाव्या बाजूला झोपतोस. गादी त्या बाजूला खचलीये. मी कधी पाणसळ लावली?”

या मुद्द्याची नोंद झाली नाही, कारण समिती हजर नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हर्लिन बाहेर आला, तेव्हा घराला टेकू देणारे पुढचे लोखंडी पाय वर घेतलेले होते, खुंटा बैठकीत अडकवलेला होता आणि आर्डिस चालकाच्या जागी बसली होती. तिने दाराची मूठ धरून चढून जागा घेतली होती आणि आता ती उतरणार नव्हती.

“तू येतोयस की समितीत राहतोस?”

डेलमार कॉफीचा मग घेऊन आला. “अहो, नाक वर आहे अजून!”

“माहितीये,” आर्डिस म्हणाली आणि पिकअप सुरू केला.

व्हर्लिनला निर्णय घ्यायला फार वेळ लागला नाही. त्याने पाना डेलमारच्या हातात दिला आणि तो पलीकडच्या बाजूने चढला.

वायोमिंगच्या वाऱ्यात घर थोडं डोललं. प्रत्येक पेट्रोल पंपावर व्हर्लिन उतरून मागच्या टायरांवर तळहात ठेवी. ते कोमट असत, तापलेल्या माणसाच्या कपाळाइतकेही नाही. त्याला हायसं वाटे आणि थोडी निराशाही होई. आर्डिस हळू चालवी, वळणावर ओठ चावी आणि चढ चढून झाला की एकटीच गुणगुणे. आयडाहोत एका पंपावर एक अनोळखी गृहस्थ एक डोळा मिटून जवळ आला.

“राग मानू नका, पण तुमचं नाक जरा वर आहे.”

व्हर्लिनने मागे वळून पाहिलंही नाही. “हो,” तो म्हणाला, “आमच्या घराण्यात सगळ्यांचंच असतं.”

आर्डिस इतकी हसली, की गाडी सुरू करण्याआधी तिला थांबावं लागलं.

ते पोचले तेव्हा लव्हॉन पायरीवर बसली होती. तिच्या पाठीमागचं घर जवळपास रिकामं होतं. भिंतींवर तसबिरींचे फिकट चौकोन आणि स्वयंपाकघरात एकच पातेलं. ती उठेपर्यंत आर्डिस तिच्यापाशी पोचलीसुद्धा होती. मग लव्हॉन म्हणाली, “तुझे केस किती पांढरे झालेत,” आणि आर्डिस म्हणाली, “आणि तुझे उरलेत किती?”

बाजूच्या उतारावर व्हर्लिनने घर उभं केलं. ते डावीकडे झुकलं. रात्री सूपही वाडग्यात डावीकडेच जाऊन बसलं आणि तिघांनी ते तसंच प्यायलं. उरले होते थोडेच दिवस. बहिणी जमिनीवर बसून कपबश्या कागदात गुंडाळत, भांडत, आठवणी दुरुस्त करत. व्हर्लिन खोकी उचले. एक खोकं मात्र तसंच बंद राहिलं, कारण त्यातलं काय ठेवावं आणि काय द्यावं हे ठरवायला वेळच पुरला नाही. जे आठवडे कॉटनवुड बेंडला गेले, ते तिथेच राहिले.

समिती अजूनही कार्यरत आहे. तिचं सभासद व्हायला पिकअप लागत नाही, घर लागत नाही, अमेरिकेत राहावं लागत नाही. ज्याला भेटायला जायचं राहून गेलंय, असं एक माणूस हे वाचता वाचता आपल्याला आठवलं असेल, आणि त्यापाठोपाठ “दिवाळी होऊ दे, मग बघू” हेही मनात आलं असेल, तर आपली निवड बिनविरोध झाली आहे. खुर्ची आपली आपण आणावी.