लेखकाचं म्हणणं हाय

पुस्तक चांगलं की वाईट, हे मन्मथअप्पा वाजवून ठरवायचे. नवं पुस्तक आलं की डाव्या तळहातावर आडवं धरायचं, कानाजवळ न्यायचं आणि वाकवलेल्या बोटानं टक् टक् करायचं. केजच्या बाजारात त्यांचं भांड्यांचं दुकान होतं, त्यामुळे घागर असो की ग्रंथ, परीक्षा एकच. "ही परात हाय," ते निकाल द्यायचे, "रुंद लई, खोली न्हाई." एखाद्या ग्रंथाला ते 'घागर' म्हणाले, तर तो सगळ्यात मोठा गौरव. तोंड बारीक, पोट मोठं, वाकवून ओतून घ्यावं लागतं.

आणि ही पुस्तकं साधीसुधी नव्हती. कथा-कादंबरीला अप्पा हात लावत नसत. दारिद्र्य, विषमता, सरकारी धोरणं, सामाजिक न्याय, असल्या विषयांवरचे उशीएवढे इंग्रजी ग्रंथ ते औरंगाबादच्या एका दुकानातून मागवायचे. पुस्तकाचं नाव, लेखक काही कळवायचं नाही. निरोप एवढाच, "गरिबीवरचं असंल ते पाठवा. जाड बघून." पार्सल एसटीनं यायचं आणि स्टँडवर कंडक्टर हाळी द्यायचा, "अप्पा, तुमची गरिबी आली!"

मी त्यांचा शेजारी, शाळेत इंग्रजी शिकवायचो. संध्याकाळी गिऱ्हाइकी मंदावली की मी त्यांच्या गादीवर जाऊन बसायचो आणि वाचन सुरू व्हायचं. वाचायची त्यांची एकुलती एक लेक, गिरिजा. अप्पांचं म्हणणं, इंग्रजी अक्षर बारीक, चष्मा पुरत न्हाई. गिरिजा शाळेत होती तेव्हाच तिची आई गेली, तेव्हापासून घरात दोघंच. ती दोन ओळी इंग्रजीत पुटपुटायची आणि मराठीत अर्थ सांगायची. अप्पा डोळे मिटून ऐकायचे आणि दुसऱ्या दिवशी तो अर्थ सगळ्या बाजाराला ऐकवायचे. सुरुवात ठरलेली, "लेखकाचं म्हणणं हाय..."

ते दिवस नव्या आर्थिक धोरणाचे होते. वरच्यांची भरभराट झाली की ती आपोआप खाली झिरपते, असं पेपरात रोज यायचं. अप्पांना ते अजिबात पटायचं नाही. "वरचं भांडं भरलं की खाली सांडतंय म्हणे! अवो, भरत आलं की हे मोठं भांडं घ्यायलेत. माझ्याच दुकानातून नेतेत, मला ठाऊक न्हाई व्हय?" हा विचार मात्र अप्पांचा स्वतःचा होता, कुठल्या लेखकाचा नव्हता.

लेखकांबद्दल मला पहिला संशय आला तो सायकलपायी. एकदा गिरिजेनं वाचलं, "लेखक म्हणतात, मुलींना सायकल मिळाली तरच सरकारचा शिक्षणावरचा खर्च सार्थकी लागतो." आठवड्याच्या आत दारात लेडीज सायकल उभी. पुढच्या लेखकाचं म्हणणं पडलं की बी.ए.वर थांबलेली मुलगी म्हणजे अर्धवट राहिलेलं धरण. झालं, गिरिजा एम.ए.साठी अंबाजोगाईला जायला लागली. जगातले एवढे मोठे विद्वान नेमकं गिरिजेला हवं तेच कसं म्हणतात, याचं मला नवल वाटायचं.

मग एका उन्हाळ्यात एका लेखकानं, विकसनशील देशांतल्या मुलींना संध्याकाळी कुल्फी मिळत नाही, अशी खंत व्यक्त केली आणि मला ठसका लागला. अप्पा लगबगीनं कुल्फी आणायला गेले. मी वाकून पाहिलं, तर पानावर कालव्यांच्या दुरुस्तीचा तक्ता होता. गिरिजेनं माझ्याकडं अशी नजर टाकली की मी मुकाट्यानं तांब्या तोंडाला लावला. अप्पांनी कुल्फ्या तीन आणल्या. मीही खाल्ली, म्हणजे कटात सामील झालो.

असं सगळं गोडीगुलाबीनं चाललेलं असताना आत्या आल्या. अप्पांची ही थोरली बहीण युसूफ वडगावला असायची. तिनं तिथलंच स्थळ आणलं होतं. आडत दुकान, बागाईत जमीन, दारात नवी कोरी जीप. "पोरीचं सोनं हुईल," आत्या म्हणाल्या. "येत्या सोमवारी सुपारी फोडायची. म्या शबूद दिलाय." अप्पांना लहानपणी याच बहिणीनं सांभाळलेलं, तिच्यापुढं त्यांनी कधी तोंड उघडलं नव्हतं. ते नुसतं "हं" म्हणाले. गिरिजेचा चेहरा पांढराफटक पडला.

संध्याकाळी अप्पांनी नेहमीसारखं सांगितलं, "गिरिजे, वाच." आत्याही समोर बसल्या होत्या. गिरिजेनं ग्रंथ उघडला. "लेखक म्हणतात... सामाजिक न्यायाची सुरुवात घरातून होते. मुलीचं लग्न ठरवताना आधी मुलीला विचारावं."

"पुस्तकाला काय कळतंय?" आत्या उसळल्या. "पुस्तकाला लेक हाय का? मास्तर, तुमी इंग्रजीचे. बघा बरं, खरंच लिवलंय का असं?"

पुस्तक माझ्या हातात आलं. पानावर रेशनच्या गव्हाच्या वाहतुकीचा खर्च होता. गिरिजा माझ्याकडं एकटक बघत होती. मी खरं बोललो असतो तर पोरगी सोमवारी वडगावची झाली असती. खोटं बोलू नये असं वर्गात घसा फोडून सांगणारा मी म्हणालो, "शब्दशः असंच आहे."

"मंग एवढा घाम कावून आलाय?" अप्पांनी विचारलं. आणि माझ्या उत्तराची वाट न बघता बहिणीकडं वळले. "अक्का, लेखकच असं म्हणायलाय तर म्या काय करू? एवढा शिकलेला माणूस हाय." मग लेकीला म्हणाले, "का गं, लेखकानं एखादं उदाहरण दिलंय का?"

गिरिजा उगीच पानं उलटत राहिली. शेवटी मान खाली घालून म्हणाली, "तळटीपेत दिलंय."

"काय दिलंय?"

"धर्मापुरीला असतात."

"नोकरी दवाखान्यात का शाळेत?"

"शाळेत. एम.ए.ला बरोबर होते."

"लेखकानं लई बारीक पाहणी केलेली दिसती," अप्पा म्हणाले.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या गादीवर इतकी वर्षं फसलेला माणूस एकच होता, आणि तो मी होतो. आत्या तोंडाला पदर लावून बसल्या होत्या. रागावल्या की हसल्या ते कळलं नाही, पण वडगावचा शब्द त्यांनीच जाऊन मोडला आणि लग्नात सगळ्यात जास्त मिरवल्या त्याच.

गिरिजा धर्मापुरीला नांदायला गेली. लेकीला लेकरू होईपर्यंत बापानं तिच्या घरचं अन्न घ्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत. अप्पा तिला भेटायला गेले, उंबऱ्याबाहेरूनच बोलले आणि परत आले. पाणीसुद्धा स्टँडवर येऊन प्यायले.

नवं पार्सल आलं, ते तसंच पडून राहिलं. शेवटी मीच ते फोडलं आणि इमानदारीत वाचायला बसलो. पानभर झालं असेल, अप्पांनी पुस्तक माझ्या हातातून घेतलं. चष्मा गादीवरच होता. त्यांनी पुढची चार वाक्यं खडाखडा इंग्रजीत वाचली, वर माझा एक उच्चारही दुरुस्त केला.

मी विचारलं, "अप्पा, तुम्हाला येत होतं तर तिला कधी बोलला का नाहीत?"

"आई नसलेली पोर, मास्तर. बापाजवळ काई मागायचं म्हणलं की लाजायची. लेखकाच्या तोंडून मागायची, तवा लाजत न्हवती. बोललो असतो तर मागायचीच बंद झाली असती." त्यांनी पुस्तक मिटलं. "आता कुणीच काई मागत न्हाई हो. घर खायला उठतंय."

फार वाईट वाटलं. मी पुस्तक परत घेतलं, मधेच उघडलं आणि घसा साफ केला.

"लेखक म्हणतात, जुन्या रीती धरून बसणं हा सामाजिक अन्याय आहे. बापानं लेकीच्या घरी जावं. आत जाऊन बसावं. आणि पोटभर जेवावं."

अप्पा पानाकडं वाकले. तिथं धान्याच्या गोदामांचा तक्ता होता. तो त्यांनी वरपासून खालपर्यंत सावकाश वाचला.

"जेवावं असं लिवलंय?"

"लिहिलंय."

त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले.

"मास्तर," ते म्हणाले, "धर्मापुरीला सकाळची गाडी कितीला हाय हो?"