चढ सायकलवर, उतार पायी

आमच्या कराडात सायकली बऱ्याच होत्या, पण चढ सायकलवर बसून चढणारा आणि उतार आला की खाली उतरून चालणारा माणूस एकच होता. गणपतराव शिंपी. सगळं जग याच्या उलट करतं. चढ आला की माणूस सायकल ढकलतो, घाम पुसतो, आणि उतार लागला की पाय वर करून सुटतो. चढाचे कष्ट सोसायचे तेच मुळी उताराच्या आशेवर. गणपतराव मात्र घाट संपेपर्यंत सीटवरून हलायचे नाहीत आणि माथ्यावर पोचले की उतरून, गाय घरी न्यावी तशी सायकल हाताशी धरून चालत खाली यायचे. चालताना घंटी वाजवायचे. रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी अंगठा घंटीवर चालूच.

त्यात त्यांचा तो कोट. गणपतरावांच्या हातचा कोट घालायला साताऱ्याचे आणि सांगलीचे वकील यायचे, खांद्याला सुरकुती म्हणून दिसायची नाही. आणि स्वतःचा कोट म्हणाल तर एक बाही हिरवी, एक लाल, पाठीवर पिवळ्या छिटाचा चौकोन आणि खिसा जांभळ्या खणाचा. दुकानातल्या उरल्यासुरल्या चिंध्या जोडून, आतून गोधडीसारखं जाड अस्तर घालून शिवलेला. थंडीच्या दिवसांत हा कोट घालून ते निघाले की कुत्रीसुद्धा भुंकायची विसरायची.

मी त्यांच्या दुकानाच्या माडीवर राहायचो. गाव माझं सांगली, नोकरी कराडच्या शाळेत. गणपतराव मला सपाट मास्तर म्हणायचे. "आवं मास्तर, तुमच्या सांगलीत सायकल चालवायची म्हंजे पाटावर बसून जेवायचं. इश्रामबागेपातूर गेलात तरी पोटातलं पानी हलत न्हाई," असं म्हणून मशीनच्या पायट्यावर पाय ठेवायचे. मी चिडायचो, पण खोटं काय बोलणार? आमच्याकडे चढ म्हणजे नदीकाठचा रस्ता.

प्रत्येक गोष्टीला त्यांचा शब्द ठरलेला होता. मापात हाय. आमटी कशी झाली? मापात हाय. दुसरं महायुद्ध चालू होतं. लढाईचं काय चाललंय? अजून मापात न्हाई. बायको जाऊन बारा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, स्वयंपाक स्वतःच करायचे. कधी एकटं वाटतं का, असं मी एकदा विचारलं, तर टेपकडं बघत म्हणाले, "मापात हाय."

दरवर्षी संक्रांतीच्या आधी चार दिवस दुकानाला कुलूप लागायचं. एकटेच निघायचे. कराडाहून सातारा, तिथून वाई, पसरणीचा घाट चढून पाचगणी, महाबळेश्वर, मग केळघरच्या घाटानं खाली मेढा आणि परत सातारा, कराड. जानेवारीत महाबळेश्वरला तळ्याकाठच्या गवतावर दव गोठून पांढरं पडतं. तिथं शहाणी माणसं शेकोटी सोडत नाहीत, आणि हा पन्नाशीचा गडी अंधुक उजेडात घाट चढायचा. परत यायचा तेव्हा ओठ फुटलेले, कान लाल, बोटं अशी बधिर की दोन दिवस सुईत दोरा जायचा नाही. थंडी कशी होती म्हटलं की उत्तर तेच. मापात.

वाटेत काय वाटेल ते होवो, संक्रांतीच्या आत केळघरचा घाट उतरलाच पाहिजे, हा त्यांचा हट्ट. एका वर्षी एका बड्या साहेबांचा कोट एका बाहीवर टाकून निघून गेले. साहेब समारंभाला जुनाच कोट घालून गेले आणि नंतर वर्षभर दुकानावरून जाताना मान फिरवायचे. जाताना कॅरिअरला एक गाठोडं घट्ट बांधलेलं असायचं, येताना नसायचं. त्यात काय आहे विचारलं तर म्हणायचे, "तुमचं माप न्हाई त्यात." गावानं अर्थातच ठरवून टाकलं की घाटाखाली गणपतरावांची कुणीतरी बाई आहे. मीही त्यात माझी भर घातली होती, आता कबूल करायला हरकत नाही.

लढाईच्या शेवटच्या हिवाळ्यात गणपतराव कृष्णेवर आंघोळीला गेले आणि शेवाळावरून घसरले. पसरणीचा घाट चढणारा माणूस नदीच्या तीन पायऱ्यांवर पडला म्हणून मी पोटभर हसलो. पाय सुजून भोपळ्याएवढा झाला. संक्रांत पाच दिवसांवर होती. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांना रडकुंडीला आलेलं पाहिलं.

"मास्तर, माझं एक काम करा," ते म्हणाले. "गाठोडं पिंपळवाडीत बायजाबाईच्या घरी पोचवा. केळघरचा घाट उतरला की वाडी. पर माझा कोट घालून जावा. घाट चालत उतरा. आन् घंटी थांबवू नका."

"का पण?"

"का ते इचारू नका. माझं आयकायचं असलं तर येवढं करा. संक्रांतीच्या आत गेलं पायजे."

मी हो म्हणालो, पण सपाट मास्तरच तो. सायकल मोटारीच्या टपावर टाकली आणि महाबळेश्वरचं तिकीट काढलं. चढ मोटारीनं चढावा आणि उतार मी घ्यावा, असा माझा हिशोब. लढाईमुळं पेट्रोल नव्हतं, मोटार कोळशावर चालायची. पसरणीच्या तिसऱ्या वळणावर तिनं धाप टाकली आणि आम्ही सगळे उतारू तिला ढकलत वर गेलो. म्हणजे सायकलवर बसून गेलो असतो त्याहून जास्त घाम गाळला. दुसऱ्या दिवशी सकाळी महाबळेश्वरात दात वाजत होते. तो रंगीबेरंगी कोट मी पिशवीतच ठेवला. शाळामास्तराला काही अब्रू असते. माझा तपकिरी कोट घातला, डोक्याला मफलर गुंडाळला, गळ्यात पिशवी अडकवली आणि घाटाच्या माथ्यावरून सुटलो.

काय सांगू तो उतार. गार वारा डोळ्यांत, एका बाजूला दरी, पायाला काम नाही. हा आनंद दरवर्षी सोडून देणारा गणपतराव मला ठार वेडा वाटला. घंटी वाजवायचीही आठवण राहिली नाही.

शेवटचं वळण घेऊन पिंपळवाडीत शिरलो तर रस्त्याकडेच्या अंगणात एक म्हातारी धान्य पाखडत होती. तिनं वर पाहिलं आणि सूप तिच्या हातातून पडलं. तोंडावर पदर धरून ती नुसती बघत राहिली. दारात एक तरुण बाई उभी होती. तिनं मला पाहिलं, दोन्ही हात पदराखाली घेतले आणि पोटाशी आवळून धरले, जणू मी ते हिसकावून नेणार होतो. शेजारच्या घरांतून बायका धावत आल्या. एकीनं गळा काढलाच. मी सायकलवरून उतरलो. मग काय सुचलं कोण जाणे, मी पिशवीतून तो कोट ओढून बाहेर काढला.

हिरवी बाही दिसली मात्र, म्हातारी मटकन खाली बसली. "आगं, शिंपीदादाचा कोट हाय," ती म्हणाली. "रडू नका गं. तारवाला न्हाई ह्यो. पारू, न्हाई गं बाई, तार न्हाई."

पाणी दिल्यावर तिनंच मला सगळं सांगितलं. ती बायजाबाई. तिचा धोंडिबा पलटणीत होता, पारू त्याची बायको. वाडीतल्या घराघरांतून माणसं लढाईला गेलेली. सायकल असलेला माणूस वाडीत एरवी यायचाच नाही. यायचा तो फक्त तारवाला, खाकी कोट घालून, घाटावरून भरधाव. आणि तार आली म्हणजे कुणाचा तरी माणूस गेला, हे पोरासोरांनाही ठाऊक.

"चार वर्सं झाली," बायजाबाई म्हणाली. "शिंपीदादा असाच आला. पलटणीचे कपडे शिवून उरलेल्या खाकी कापडाचा कोट, डोईला टोपी, गळ्यात चामड्याची पिशवी. आमच्याच दारात थांबला. मी हंबरडा फोडला. पारूनं उंबऱ्यावर हात आपटून समदी काकणं फोडली. आन् तो म्हनला, बाई, पानी मिळंल का?"

त्याला फक्त तहान लागली होती.

त्यानंतर गणपतरावांनी तो खाकी कोट तिथंच मारुतीपुढच्या शेकोटीत जाळला आणि त्या थंडीत नुसत्या सदऱ्यावर मेढ्याला गेले. पुढच्या संक्रांतीला घंटी वाजवत, चालत, लांबून ओळखू येईल असा कोट घालून आले. भरधाव येतो तो तारवाला, चालत येतो तो शिंपी, हे वाडीला कळावं म्हणून. गाठोड्यात पारूसाठी काकणं आणि स्वतः शिवलेली खणाची चोळी होती. भावानं बहिणीला द्यावी तशी. पण घरात पाऊल टाकलं नाही. जित्या नवऱ्याची काकणं माझ्यापायी फुटली, म्हणाले, तो सुखरूप परत येईस्तवर मी उंबरा ओलांडणार न्हाई. दरवर्षी अंगणातूनच जायचे. आणि धोंडिबाचं पत्र येऊन त्या वेळी आठ महिने झाले होते.

मी गाठोडं दिलं. पारूनं ते घेतलं, तेव्हा तिच्या हातातली गेल्या वर्षीची काकणं शाबूत दिसली. माझी मलाच इतकी लाज वाटली की मी तिथंच तो कोट अंगात घातला आणि मेढ्यापर्यंतचा उतार चालत गेलो. घंटी वाजवत. वाटेत लोक हसले, हसू दे.

कराडला पोचलो तर गणपतराव सुजलेला पाय स्टुलावर ठेवून बसले होते. "चालत उतरलात न्हवं?" त्यांनी पहिल्यांदा हेच विचारलं. खोटं बोलणं सोपं होतं. पण मला ते जमलं नाही. मी म्हणालो, नाही. त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"फुटली?"

"नाही. तिनं हात पदराखाली धरले होते. तुमचा कोट दाखवला."

त्यांनी सुजलेला पाय स्टुलावरून खाली घेतला. मग म्हणाले, "पयल्या खेपंला मी बी तुमच्यावानीच आलो हुतो, मास्तर. लय आवडायचा मला उतार." माझ्यावर रागावले असते तर बरं झालं असतं.

पुढच्या वर्षी लढाई संपली होती. पलटणी परतत होत्या, पण धोंडिबाचा पत्ता नव्हता. गणपतरावांचा पाय थंडीत अजून ठणकायचा. मी म्हटलं, मी जातो, या वेळी सांगाल तसा जातो. "न्हाई," ते म्हणाले, "ह्ये माझंच हाय." कोट चढवला, गाठोडं बांधलं आणि निघाले. त्या चार दिवसांत माझं शाळेत लक्ष नव्हतं. त्यांची वाट बघणारं घरात कुणी नव्हतं, म्हणून मीच चौथ्या दिवशी दुपारपासून दुकानाच्या पायरीवर बसून राहिलो.

ऊन कलताना सातारच्या रस्त्यानं सायकल आली. गणपतराव उतरले. कोट काढून खुंटीला लावला, तांब्याभर पाणी प्याले. मी विचारायला धजत नव्हतो. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून पुडी काढली आणि माझ्या हातावर तिळगूळ ठेवला.

"पारूनं दिलाय. घरात बसून खाल्ला मी."

मला कळायला क्षणभर लागला. घरात बसून.

"वाडीच्या तोंडाशी खाकी कपड्यातला गडी हुबा," ते सांगू लागले. "काठी टेकत फुडं आला आन् सायकलीचं हँडल धरलं. म्हनला, तुमीच का शिंपीदादा? चला घरात. पंधरा दीस झाले त्याला यिऊन. पायाला गोळी लागलीया, पर हाय. हासत हुता. निगताना मी सायकल धरून चालाय लागलो, तर म्हनला, आता कशाला चालताय, बसा की. समदी वाडी बघत हुती. बसलो."

"मेढ्यापर्यंत?"

"मेढ्यापातूर. पाय वर करून."

मी त्यांच्याकडं बघत होतो. फुटलेले ओठ, लाल कान, सगळं दरवर्षीसारखं, फक्त डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. मी विचारलं, "कसा होता उतार?"

उत्तर मला पाठच होतं. गणपतरावांनी मशीनवरचं फडकं बाजूला केलं, स्टुलावर बसले, सुई उजेडाकडं धरली. दोरा काही ओवता येईना. दोनतीनदा प्रयत्न करून त्यांनी तो माझ्या हातात दिला.

"मापाच्या भाईर, मास्तर," ते म्हणाले. "लय मापाच्या भाईर."