माझं नवं खनिज

माझ्या हातून नमुन्यात भेसळ होणं शक्यच नाही! हे मी पीएचडीच्या पहिल्याच दिवशी शामसुंदर सरांना ठणकावून सांगितलं होतं आणि आजही सांगते. झाली ती माझ्या हातून झालेली नाही!

नांदगावला मामांच्या विहिरीच्या खोदकामात एक हिरवट, चमकदार स्फटिक निघाला. अपोफिलाइट! खारीच्या पापुद्र्यांसारखे थरावर थर आणि त्यांच्यात अडकलेलं पाणी. साडेतीनशे अंशांच्या आसपास तापवला की पाणी सुटतं, थर कोसळतात. ते कसे कोसळतात, हाच माझा प्रबंध. एवढा शुद्ध तुकडा पुन्हा मिळणार नव्हता. मी तो अख्खा खलात घोटला, पांढरीशुभ्र पूड चिनीमातीच्या वाटीत भरली, वाटी प्रयोगशाळेतल्या भट्टीशेजारी ठेवली आणि दसऱ्याला घरी गेले.

सुट्टीनंतर पूड भट्टीत घातली. साडेतीनशे झाले. ढिम्म! पाचशे झाले. तरी ढिम्म! आठशेच्या सुमाराला मात्र वजन धाडकन घसरलं. वाटीत उरलेल्या, न तापवलेल्या पुडीची रचना क्ष-किरणांनी तपासली, तर थरांचा पत्ताच नाही!

"सर, हे अपोफिलाइट नाहीच!"

"मग काय आहे?"

"नवं खनिज!"

सरांनी लगेच पुण्याच्या तज्ज्ञ सुमेधा मॅडमना फोन लावला. मामांनी विहिरीला काटेरी कुंपण घातलं. सर म्हणाले, "नाव शामसुंदराइट ठेवू." म्हणजे विहीर माझ्या मामांची, घोटून हात माझे दुखले आणि नाव यांचं? मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

सुमेधा मॅडम आल्या. उरलेली पूड चिमटीत चोळून त्यांनी विचारलं, "हे नक्की कुठं सापडलं?"

तेवढ्यात प्रयोगशाळेची साफसफाई करणाऱ्या सरूबाई चहा घेऊन आल्या. वाटी बघून खूश झाल्या आणि मला म्हणाल्या,

"पुरली ना मॅडम? खंडेनवमीला भट्टीची पूजा केली, तर माझी रांगोळी घरी राहिलेली. मग तुमचीच घेतली. सुट्टीवरून आले तशी आधी घरची आणून वाटी भरून ठेवली. कुणाचं भांडं रिकामं देऊ नाय."

आता तुम्ही म्हणाल, साधी रांगोळी ओळखता आली नाही? का यावी? मामांच्या विहिरीतून रांगोळी निघेल असं कोणाच्या स्वप्नात तरी येईल का?

"सरूबाई, ती माझी पीएचडी होती! कुठंय ती पूड?"

"झाडून टाकली की! फुलांसंगं गेली."

सर खुर्चीत बसले. सुमेधा मॅडम खिडकीबाहेर बघू लागल्या. मला रडूच फुटलं. आणि सरूबाई उलट माझ्यावरच रुसल्या!

"वाटीभर रांगोळीसाठी एवढं चिडायचं? आन् खरं सांगू का, तुमची रांगोळी धड नव्हतीच. बोटाला लय चिकटत होती. पुढच्या साली जरा बरी आणा!"