भिमाजीचं शांत काळीज

"भिमाजी, यंदा जत्रेत गाडा पळवायचा असेल तर आधी हे खाली आणा," रक्तदाबाच्या यंत्रातल्या पाऱ्याकडे बोट दाखवत लोणावळ्याच्या डॉक्टरांनी बजावलं. कुसगावच्या भिमाजीचा चेहरा पडला. त्याची बैलजोडी यंदा पहिली येणार, असं सगळा मावळ म्हणत होता. मालकाचं काळीज मात्र बैलांच्याही पुढे धावत होतं.

"मग काय करू?"

"योग करा."

कोणता, ते सांगायचं डॉक्टर विसरले. शाळेतल्या गेणू मास्तरांनी त्याला कवायतीच्या शिट्टीवर भराभर सूर्यनमस्कार घालायला लावले. भिमाजीची छाती लोहाराच्या भात्यासारखी हलू लागली. पारा आणखी चढलेला पाहून डॉक्टरांनी कपाळाला हात लावला आणि त्याला आश्रमातल्या स्वामींकडे धाडलं. स्वामींचा योग अगदी उलटा. डोळे मिटून पडायचं, सावकाश श्वास सोडायचा आणि काहीही झालं तरी म्हणायचं, "होऊ दे."

भिमाजी मूळचाच हट्टी. शेजाऱ्याच्या रेड्याने वैरण खाल्ली, होऊ दे. भाकरी करपली, होऊ दे. त्याची बायको शालूबाई बिचारी हवालदिल झाली.

"अवो, एकदा तरी वरडा की माझ्यावर! घर कसं सुनं सुनं वाटतंय."

डॉक्टर मात्र खूश झाले. त्यांनी गाडा पळवायची परवानगी दिली.

जत्रेत भिमाजीचे बैल खरोखरच पहिले आले. ढोल वाजले, गुलाल उधळला. ज्याची आरोळी एरवी भुशी धरणापर्यंत ऐकू जायची, तो भिमाजी बांधावर उभा राहून मंद हसत होता.

"भाऊ, आपली जोडी पयली आली!" चुलतभाऊ सीताराम नाचत आला.

"येऊ दे."

सीताराम चरकला. "आरं, भाऊला झटका आला! उचला रं!"

"मला काय बी झालं न्हाई, बाळांनो," भिमाजी हळुवारपणे म्हणाला.

उभ्या जन्मात त्याने कुणाला बाळ म्हटलं नव्हतं. आता कुणालाच शंका उरली नाही. त्याला उचलून ट्रकमध्ये घातलं आणि ट्रक थेट लोणावळ्याला निघाला.

डॉक्टरांनी दंडाला पट्टा गुंडाळला, फुगवला आणि पाऱ्याकडे बघतच राहिले. "वा! तरण्या पोराचं काळीज आहे हे!"

इतक्यात मागच्या गाडीने आलेली शालूबाई धापा टाकत आत शिरली.

"मानाचा फेटा बांधाया तुमचं नाव पुकारलं, तर मालक जाग्यावर न्हाई! पंचांनी दुसऱ्या आलेल्या वडिवळ्याच्या अंबाजीला बांधला!"

भिमाजीने डोळे मिटले. सावकाश श्वास घेतला. आणि मग अंबाजीच्या सात पिढ्यांचा असा काही उद्धार केला की दवाखान्याची तावदानं थरथरली. दंडाला पट्टा तसाच ठेवून तो दाराकडे धावला. यंत्र छातीशी धरून डॉक्टर त्याच्यामागे फरफटत निघाले.

"आला! मानूस शुद्धीवर आला!" सीतारामने आनंदाने आरोळी ठोकली, आणि शालूबाईने डोळे पुसत देवाला हात जोडले.