हरवल्या तुकड्याची मोहीम

“सुनबाई, सणाआधी घर लख्ख कर, कोण नाही म्हणतं? पण तुकडे शोधून झाले की घटकाभर बूड टेकव. वचन दे मला.” ऐसे सासूबाईसाहेब देवाघरी कूच करण्यापूर्वी फर्मावत्या जाहल्या, आणि सुनबाईसाहेब वचन देत्या जाहल्या, आणि ते वचन आजतागायत एकाही साली पाळिले गेले नाही.

सृष्टिकर्त्याचे स्मरण करोन हकीकत लिहिली जाते ऐसी जे, यहुदी घराण्यांचा कदीम शिरस्ता, बेखमीर, म्हणजे न आंबविलेल्या, भाकरीच्या सणात घरी पावाचा कण राहू नये. सबब आदल्या दिवशी एकाने पावाचे दहा तुकडे मुद्दाम लपवावे, आणि सांजेस बाकीच्यांनी मेणबत्तीच्या उजेडी हुडकोन काढावे, आणि सकाळी जाळावे. लपविण्याची सनद या घरी सासरेबुवांकडे. पेशाने शिंपी; आता सुईत दोरा ओवेना, परंतु ही एक सनद तेवढी शाबूत.

सुनबाईसाहेबांनी पंधरवडाभर कणांवर मोर्चे लाविले. सोफ्याच्या उशा बडविल्या, टोस्टर माळ्यावर नजरकैदेत धाडिला, फ्रिजच्या रबराच्या घड्या दातकोरण्याने कोरिल्या. कंबर ढिली जाहली आणि डोके ठणकू लागले, आणि मग नणंदबाईसाहेब सामानसुमानानिशी दाखल होत्सात्या प्रथम हेच वदल्या, “वहिनी, फ्रिजच्या मागे पाहिलंस ना?” सुनबाईंनी तो घाव दातओठ खाऊन झेलिला.

सांज होताच धनीसाहेब मेणबत्ती घेऊन आघाडीस, नणंदबाई कण झाडोन गोळा करावयास पीस आणि लाकडी चमचा घेऊन पिछाडीस. घड्याळामागील तुकडा गिरफ्तार जाहला, जोड्यांच्या फळीवरील शरण आला, ऐसे नऊ दस्त जाहले. दहावा परागंदा. सासरेबुवा शपथेवर सांगते जाहले, की तो शिलाई मशिनीच्या खणात ठेविला. खण उपसिला, तो रिळे आणि बटणे मात्र.

“बाबा, पुरे झालं आता. पुढच्या वर्षीपासून तुकडे दादा लपवेल,” ऐसा नणंदबाईंचा हुकूम सुटला. म्हातारबुवा खाली मान घालोन रिकाम्या खणात बोटे फिरवीत राहिले.

ते पाहोन सुनबाईंची जिव्हारूपी समशेर नणंदबाईंवर म्यानातून अर्धी उपसली. घाम पुसावा म्हणोन ॲप्रनच्या खिशात हात घातला, तो हातास लागला पाव! दुपारी फडके मारता मारता खणही पुसिला, आणि गनीम दिसताच सवयीने उचलिला, आणि विसरल्या. मनात आले, अंधार आहे, हळूच मशिनीमागे टाकावा. परंतु म्हाताऱ्याची बोटे अजून खणातच होती. मग समशेर म्यान करोन पुढे जाहल्या.

“मामंजी, तुमचं काही चुकलं नाही. तुम्ही लपवलेलं मीच आवरून ठेवलं.”

“माप घेण्याआधीच कापलंस की गं!” म्हणोन सासरेबुवा ऐसे हसले की मेणबत्ती विझली.

येणेप्रमाणे दहावा तुकडा दस्त जाहला, सनद सासरेबुवांकडे हयातभर कायम जाहली, नणंदबाईंनी नुकसानभरपाई म्हणोन तमाम भांडी घासण्याचे कबूल केले. फत्ते पुरी, ती येथे नोंदिली असे.

चमचे खणखणू लागताच सुनबाईंचा हात सवयीने फडक्याकडे गेला. मग तो मागे आला. त्यांनी फडके खुंटीस अडकविले, एक खुर्ची उचलिली आणि पाऊल न वाजविता गॅलरीकडे निघाल्या.