मुखेड ते जळकोट, हात सोडून

"पोरी, पोट घट्ट कसं धरायचं हे मला शिकवू नको," निवृत्तीमामांनी बुद्धप्रियाला ठणकावून सांगितलं. "सारी उमर चालत्या एसटीत दोन्ही हात सोडून उभा ऱ्हायलो मी. एका हातात तिकिटं, दुसऱ्यात चिल्लर. कधी दांडीला हात लावला असंल तर नाव बदलून ठेव माझं."

हे सांगताना मामा स्वतः सतरंजीवर रांगत्या लेकरासारखे हातापायांवर होते. उजवा हात पुढं, डावा पाय मागं, आणि सगळा देह वाऱ्यातल्या मांडवासारखा हलत होता. बुद्धप्रिया गल्लीतलीच पोर. फिजिओथेरपी शिकून तिनं मुखेडातच दवाखाना टाकला होता, आणि मामांची कंबर ही तिला मिळालेली सगळ्यात हट्टी कंबर होती. मामांची बायको, चांगुणामामी, खुर्चीवर पिशवी मांडीत घेऊन हा तमाशा बघत बसली होती.

"तेच तर सांगून राहिले, मामा," बुद्धप्रिया म्हणाली. "पोटात सगळ्यात आत एक स्नायू असतो, पट्ट्यासारखा गुंडाळलेला. हात हलायच्या आधी तो आवळून घेतो. मागं कण्याला धरून बारके स्नायू, वर श्वासाचा पडदा, खाली ओटीपोटाचा तळ. सगळ्यांनी मिळून धड धरलं की कंबरेवर भार येत न्हाई. गाडीत ते रोज राबायचे. तुम्ही रिटायर झालात, तसे तेबी झाले."

"मग घेतो त्यांना परत ड्यूटीवर."

"आधी सतरंजीवर घ्या. आणि श्वास रोखायचा न्हाई. पोट आवळून गप्पा मारता आल्या, तर खरं."

मामांनी यातलं सोयीचं तेवढं ऐकलं. घरी येऊन चपला काढायच्या आधीच त्यांनी जाहीर केलं, "चांगुणा, भावाकडं जायचं म्हणत होतीस न्हवं? उद्या जाऊ जळकोटला. एसटीनं."

मामींच्या हातातली पिशवी तशीच राहिली.

आता तुम्ही म्हणाल, कंडक्टरच्या बायकोला एसटीचं काय नवल. पण ऐका तर खरं. मामी माहेरी जायच्या ते कायम मामांच्याच गाडीनं, आणि त्या गाडीत मामा कधी बसले म्हणून नाहीत. येणार, टकटक करून तिकीट फाडणार, "बाई, जरा आत सरका" असं बायकोलाही परक्यासारखं म्हणणार, आणि पुढं जाणार. शेजारी कधी कोंबडीवाली, कधी सोयाबीनचं पोतं. पुढच्या बाकावर एखादी नवी नवरी नवऱ्याच्या खांद्यावर मान टाकून झोपलेली दिसली की मामी खिडकीकडं तोंड करायच्या. रिटायर झाल्यावर तरी दोघं शेजारी बसून जाऊ, ही आस त्यांनी कुणाला बोलून दाखवली नव्हती. पण रिटायर झाल्यापासून मामा स्टँडाकडं फिरकलेच नाहीत. गाडीचा हॉर्न ऐकला की नुसते दारात येऊन उभे राहायचे. त्यांनाही कशाची तरी हुरहुर होतीच, फक्त ती वेगळ्या जागेची होती.

म्हणून मामी दुसऱ्या दिवशी ठेवणीतली साडी नेसल्या. भावासाठी प्लास्टिकच्या डब्यात दही घेतलं. गाडी अर्धी रिकामी होती. मामी खिडकीशी बसल्या, आणि शेजारची जागा कुणी घेऊ नये म्हणून तिथं दह्याचा डबा ठेवला.

मामा चढले, डब्याकडं एक नजर टाकली, आणि मधल्या वाटेत पाय फाकवून उभे राहिले. पोट आत ओढलं. दोन्ही हात सोडले.

"अहो, बसा की," मामी हळूच म्हणाल्या.

मामांनी मान हलवली. श्वास रोखलेला असल्यामुळं बोलायची सोय नव्हती.

कंडक्टर शिवप्रसाद हा नवा पोरगा. त्यानं मामांना ओळखलं नाही, आणि ते मामांच्या मनाला लागलेलं मामींना लांबूनही दिसलं. "काका, अर्धी गाडी रिकामी हाय, बसा," तो म्हणाला. मामांचा चेहरा लाल, डोळे समोर. एका म्हाताऱ्यानं उठून आपली जागा देऊ केली. मामांनी त्यालाही नुसती मान हलवली. शेवटी मागच्या बाकावरच्या सुमनबाईंनी मामींच्या खांद्याला हात लावला. "बाई, मालकाला बसता येईना का? त्या जागी गळू झालंय का काय?"

मामींनी शेजारच्या डब्याकडं बघितलं. इतक्या वर्षांचा राग एकदम वर आला.

"हाव," त्या म्हणाल्या. "लई मोठं झालंय."

झालं. जांब यायच्या आत गळू गाडीभर पसरलं. कुणी कांदा भाजून बांधा म्हणालं, कुणी हळदीचं पोटीस. शिवप्रसादनं जाऊन ड्रायव्हर केरबाला सांगितलं, "पेशंट हाय, धक्का बसू देऊ नका." केरबा भला माणूस. त्यानं गाडी अशी चालवली की बाजूनं एक बैलगाडी पुढं निघून गेली.

धक्काच नाही म्हटल्यावर मामांचे रिटायर स्नायू राबणार कसे? शेवटी त्यांचा धीर सुटला, श्वासही सुटला. "अरे, गाडी चालवून राहिलास का वरात? घे की जोरात!"

केरबानं घाबरून ॲक्सिलेटर दाबला. समोर गतिरोधक होता. श्वासाबरोबर पोटही सुटलेलं, त्यामुळं धड धरायला कुणीच ड्यूटीवर नव्हतं. मामा वर उडाले, वळले, आणि मामींच्या शेजारी दह्याच्या डब्यावर बसले. झाकण कुठल्या कुठं गेलं.

ते उठायला गेले तेव्हा काळ्या पँटीवरचं पांढरं सगळ्यांनी बघितलं.

"फुटलं बाई एकदाचं," सुमनबाई हात जोडून म्हणाल्या. "आता आराम पडंल."

मामा लगेच खाली बसले. आता जळकोटपर्यंत उठायची सोयच उरली नव्हती. थोडा वेळ ते फुरफुरले. मग खिडकीतून वारं लागलं, गाडीचा जुना ओळखीचा आवाज कानात भरला, डोळे जड झाले, आणि त्यांची मान मामींच्या खांद्यावर आली.

मामी हलल्या नाहीत. गाडी डावीकडं कलली, उजवीकडं कलली, खड्ड्यात गेली, पण तो खांदा जागचा ढळू दिला नाही. साडीला दही लागत होतं, ते लागू दिलं. जळकोट इतकं जवळ कसं आलं, याचंच त्यांना वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी बुद्धप्रियाच्या दवाखान्यात मामा सतरंजीवर होते आणि मामी खुर्चीत बरगड्यांखाली हात धरून बसल्या होत्या.

"मामी, तुम्हाला काय झालं?"

"इथं दुखून राहिलंय गं. दोन्ही अंगाला, पोटातबी."

बुद्धप्रियानं दाबून बघितलं. "काल काही वजन सांभाळलं का?"

"सांभाळलं थोडं. जांब गेल्यापासून."

"बोलता येत होतं का तेव्हा?"

"येत होतं. बोलावं वाटलं न्हाई."

"बघा मामा," बुद्धप्रिया हसली, "व्यायाम मामींनी केला. अगदी बरोबर केला."

"ती तर नुसती बसून होती," मामा सतरंजीवरून गुरकावले. "परवा परत जाऊ. या खेपेला जळकोटपर्यंत उभाच ऱ्हातो का न्हाई बघ."

"जाऊ की," मामी म्हणाल्या.

आणि घरी येऊन त्यांनी दही विरजायला घातलं. डबा मात्र मोठा घेतला.