वर गेला तो हात

मुलीच्या नर्सरीच्या स्पोर्ट्‌स डेला फक्त टाळ्या वाजवायच्या, असं ठरवून अक्षता परब घरून निघाली होती. पण मैदानावर मिसनी माइकवरून सगळ्या मम्म्यांना रस्सीखेचीला बोलावलं, आणि तीन वर्षांची अबोली (नाव आजीने ठेवलं, तोंड जन्मल्यापासून बंद नाही) अख्ख्या वर्गासमोर म्हणाली, "माझी मम्मा घाबरते."

झालं. अक्षताने ओढणी खोचली आणि थेट दोरीच्या शेवटी जाऊन उभी राहिली. दोरीचं टोक मनगटाला गुंडाळायचं असतं, हे तिने कुठेतरी पाहिलेलं होतं. हरायला लागल्यावर ते सोडवायचं कसं, हे मात्र पाहिलेलं नव्हतं. समोरच्या मम्म्यांनी तिला अर्ध्या मैदानापर्यंत ओढत नेलं.

दुसऱ्या दिवशी उजवा हात कमरेच्या वर जाईना.

"गे बाय, तेल गरम करून चोळ. दोन दिसांत बरां होतलां," सासूबाई म्हणाल्या.

पण अक्षता एम.कॉम. होती. एम.कॉम. झालेली बाई तेल चोळत नाही, गुगल करते. गुगलने सांगितलं की खांद्याचा स्नायू फाटला असेल तर ऑपरेशन, मग झोळीत हात, आणि पुढे कित्येक महिने चहाच्या कपापेक्षा जड काही उचलायचं नाही. अबोली दुपारी तिच्या उजव्या खांद्यावरच झोपायची. दुसरीकडे कुठेही ठेवलं की डोळे टक्क उघडे. महिनोन् महिने लेकीला उचलायचंच नाही? तोवर ती शाळेच्या बसने जायला लागेल, कॉलेजला जाईल, एखाद्याचा हात धरून येईल आणि म्हणेल, मम्मा, हा तुझा जावई. (अक्षताचं मन एकदा सुटलं की थेट लग्नाच्या हॉलपर्यंत जायचं.)

हाडांचे डॉक्टर धम्मपाल गायकवाड यांनी एक्स-रे काढायला लावला. त्याच्या तळाशी लिहिलं होतं, सोनोग्राफी करावी. सोनोग्राफीच्या तळाशी लिहिलं होतं, एमआरआय करावा. प्रत्येक रिपोर्ट एखाद्या सोसायटीच्या वॉचमनसारखा पुढच्या गेटचा पत्ता देत होता.

"खांद्याचो फोटो काढून काय भिंतीर लावतलंस?" सासूबाईंनी विचारलं.

गोरेगावच्या त्या सेंटरच्या दारात बोर्ड होता: 'संक्रांत ऑफर! एमआरआयसोबत व्हिटॅमिन डी मोफत.' आत गारेगार एसी, तिळगुळाची वाटी आणि प्रश्नांचा कागद. शरीरात कुठे बंदुकीची गोळी राहिली आहे का, असाही एक प्रश्न होता. अक्षताने मन लावून आठवून पाहिलं. मग तिने टेक्निशियन प्रीतमला विचारायला सुरुवात केली. दातातलं सिमेंट चालेल का? मशिनमध्ये श्वास पुरतो ना? मध्येच लाइट गेली तर?

"मॅडम, काही होत नाही," प्रीतम म्हणाला. बाहेर अजून बऱ्याच पेशंटांचे खांदे आणि गुडघे खोळंबले होते. "पिना, बांगड्या काढल्या? झोपा. कुठला खांदा? हात वर करा."

हात वर करा म्हटल्यावर अक्षताने आज्ञाधारकपणे हात वर केला. अर्थात जो वर जात होता, तो. डावा.

प्रीतमने डाव्या खांद्यावर ते प्लॅस्टिकचं कवच पट्ट्याने आवळलं. डॉक्टरांची चिठ्ठी समोर होती, पण तिच्यावरचं अक्षर डॉक्टरांचं होतं.

अक्षताचं तोंड उघडलं, आणि मिटलं. आतापर्यंत इतके मूर्ख प्रश्न विचारून झाले होते की आता एक शहाणा विचारायची लाज वाटली. कदाचित आधी चांगला खांदा बघत असतील. तुलनेला. एवढं करोडोंचं मशीन, त्यांना कळत नसेल?

"त्रास झाला तर हा बॉल दाबा. अजिबात हलायचं नाही," प्रीतम म्हणाला आणि काचेपलीकडे गेला.

मशीन सुरू झालं. वरच्या मजल्यावर कुणी टाइल्स फोडत असावं तसा आवाज. अक्षता दिंडोशीला राहायची, तिच्या वरच्या मजल्यावर बारा महिने टाइल्सच फोडत असत, त्यामुळे तिला घरच्यासारखं वाटलं. आता दाबूया बॉल, तिने ठरवलं. सांगूया, खांदा चुकला. आणि मग तिच्या लक्षात आलं की मघापासून कुणी 'मम्मा' म्हटलेलं नाही. कुणी शू करून आलेलं नाही. कुणी विचारलेलं नाही, आज भाजी काय. उलट तिने हलू नये म्हणून एक अख्खा माणूस पगारावर ठेवलेला होता.

तिने बॉल दाबला नाही. चुकीचा असेना का, खांदा तिचाच होता.

संध्याकाळी रिपोर्ट फोनवर आला. नवरा नितेश बाजूला बसून वाचत होता.

"पार्शल टिअर, सूज, झीज… वाट लागली यार! पण अगं, तुझा उजवा दुखतो ना?"

"हो."

"मग हे डाव्याचं का आलंय?"

"त्यांनी डाव्याचा काढला म्हणून."

"आणि तू?"

"मला हलू नका सांगितलं होतं."

नितेश उठून पाणी प्यायला. पण अक्षताचं लक्ष नव्हतंच. रिपोर्ट वाचल्यापासून तिचा डावा खांदा ठणकायला लागला होता. म्हणजे आता दोन ऑपरेशनं. दोन झोळ्या. लेकीला उचलणं सोडाच, ओवाळायचंसुद्धा नाही.

डॉक्टर गायकवाडांनी फिल्म खिडकीपाशी धरून पाहिली, मग तिचा उजवा हात सावकाश वर नेला. तो गेला, कण्हत का होईना.

"हा मुरगळलाय फक्त. अर्धा बराही झालाय. थोडे दिवस व्यायाम करा."

"आणि डावा?" अक्षताने विचारलं.

"तो कधी दुखत होता?"

"रिपोर्ट आल्यापासून."

डॉक्टर हसले. "मॅडम, कुणालाही मशिनमध्ये घाला, काहीतरी निघतंच. माझा काढला तर मी दवाखाना बंद करीन. जा, डाव्यावर बिनधास्त घ्या मुलीला."

अक्षता रिक्षातून उतरली ती धावतच जिना चढली. दारातच डावा हात पसरून, डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "ये गं माझ्या राणी! डॉक्टरकाका हो म्हणाले. मम्मा आता तुला उचलू शकते!"

अबोलीने हातातलं बिस्किट संपवलं आणि आईला नीट न्याहाळलं.

"नको. मी मोठी झाले," ती म्हणाली. "आजीचे गुडघे दुखतात, तिला उचल."

आणि अक्षता आजही शपथेवर सांगते, सोफ्यावर बसलेल्या सासूबाईंच्या चेहऱ्यावर क्षणभर आशा दिसली.